आकाशातला सोबती

मुलांनो, फुटबॉलची सुब्रोतो कप स्पर्धा तुम्हांला माहीत असेल. देशभरातील शाळांचे संघ या स्पर्धेत भाग घेतात. पण ज्यांच्या नावाने हा चषक दिला जातो, ते सुब्रोतो कोण होते? ते होते आपल्या वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख, एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जी.

भूदल, नौदल आणि वायुदल ही आपल्या देशाची तीन सैन्यदले. १५ जानेवारी हा भूदलाचा दिवस, ४ डिसेंबर हा नौदलाचा आणि ८ ऑक्टोबर हा वायुदलाचा. आपलेच दल सर्वांत श्रेष्ठ, असे प्रत्येक सैनिकाला वाटते. फुटबॉलच्या मैदानावर तर ही दले एकमेकांना हरवण्यासाठी जिवाचे रान करतात. पण ही चुरस दोस्तीची असते. ती दोस्ती कशी असते, हे सुब्रोतोंच्या आयुष्यातून तुम्हांला समजेल.

सुब्रोतोंचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कोलकाता येथे झाला. त्या काळी आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. भारतीय तरुणांना लढाऊ विमान चालवणे जमेल का, अशी शंका अनेक इंग्रज अधिकाऱ्यांना वाटत असे. सुब्रोतो व त्यांचे काही सोबती इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे विमानविद्या शिकले. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय वायुदलाची स्थापना झाली. त्याच दिवशी पाच भारतीय तरुण वैमानिक अधिकारी बनले. सुब्रोतो हे त्या पाचांपैकी एक. म्हणूनच वायुदलाचा वाढदिवस हा त्यांच्याही नव्या आयुष्याचा वाढदिवस होता.

१ एप्रिल १९३३ रोजी कराचीत वायुदलाची पहिली तुकडी उभी राहिली. त्या वेळी वायुदल किती लहान होते, ठाऊक आहे? अवघी चार विमाने, सहा अधिकारी आणि एकोणीस जवान! या जवानांना हवाई सिपाही म्हणत. सुरुवातीच्या त्या दिवसांत पाच वैमानिकांपैकी दोघे विमान अपघातात मरण पावले. तरीही सुब्रोतोंनी हिंमत सोडली नाही. १९३९ मध्ये ते या तुकडीचे प्रमुख झाले.

जमिनीवर लढणाऱ्या भूदलाला आकाशातून मदत करणे, हे या तुकडीचे मुख्य काम होते. १९४० च्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. वझिरिस्तानच्या डोंगराळ भागात इंग्रज सरकारचा तेथील पठाण टोळ्यांशी झगडा चालू होता. तेथे भूदलाची एक लहान तुकडी वेढ्यात सापडली. सुब्रोतो विमानातून तिकडे गेले. जमिनीवर कापडाच्या खुणा मांडून सैनिक काहीतरी सांगत होते. त्यांची काडतुसे संपत आली होती.

आता काय करावे? परत जाऊन काडतुसे आणायला वेळ नव्हता. विमानात काडतुसे होती, पण ती विमानाच्या स्वतःच्या बंदुकीची होती. ती देऊन टाकली, तर विमानाच्या रक्षणासाठी काय उरणार? सुब्रोतोंनी निर्णय घेतला. त्यांच्या सांगण्यावरून त्यांचे सोबती करतार सिंग यांनी बंदुकीतील काडतुसे काढली आणि लांब मोज्यांत भरली. मग विमान अगदी खाली आणून ते मोजे सैनिकांजवळ टाकले. त्या काडतुसांच्या जोरावर सैनिकांनी टिकाव धरला. संकटात असलेले सैनिक आपल्या दलाचे की दुसऱ्या, हा प्रश्न सुब्रोतोंच्या मनातही आला नाही.

१९३९ मध्ये सुब्रोतोंचा विवाह शारदा पंडित या मराठी घराण्यातील मुलीशी झाला. याच शारदा मुखर्जी पुढे रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि नंतर राज्यपालही झाल्या.

स्वातंत्र्यानंतरची काही वर्षे वायुदलाचे प्रमुख इंग्रज अधिकारीच होते. १ एप्रिल १९५४ रोजी ते पद सुब्रोतोंकडे आले. कराचीतील त्या लहानशा तुकडीला त्या दिवशी बरोबर एकवीस वर्षे पूर्ण झाली होती. त्यांच्या काळात वायुदलात नवी जेट विमाने आली आणि वायुदल बलवान झाले.

सुब्रोतोंना फुटबॉलचा फार नाद होता. शाळेतील मुलांनी लहानपणापासून चांगला खेळ शिकावा, असे त्यांना वाटे. त्यांच्याच कल्पनेतून १९६० साली शालेय फुटबॉल स्पर्धा सुरू झाली.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला, जपानमधील टोकियो शहरात, ते एका मित्राबरोबर जेवत होते. हा मित्र नौदलातील अधिकारी होता. जेवताना घास श्वासनलिकेत अडकला आणि सुब्रोतोंचा मृत्यू झाला. ते फक्त ४९ वर्षांचे होते. त्यांना अखेरचा निरोप देताना ४९ विमानांनी आकाशातून सलामी दिली.

मुलांनो, ८ ऑक्टोबरला आकाशात विमानांच्या कवायती होतील, तेव्हा सुब्रोतोंची आठवण करा. मैदानावर तुम्हीही दुसऱ्या शाळेशी जरूर चुरस करा. जिंकण्यासाठी मन लावून खेळा. पण समोरचा खेळाडू पडला, तर त्याला उठवायला तुमचा हात सर्वांत आधी पुढे येऊ द्या.