पांडुरंग वासुदेव सुखात्मे

पांडुरंग वासुदेव सुखात्मे (२७ जुलै, इ.स. १९११ - २८ जानेवारी, इ.स. १९९७) हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ होते. शेतीतील नमुना पाहणी आणि मानवी पोषणाचे जैवसंख्याशास्त्र या क्षेत्रांतील कार्यासाठी ते ओळखले जातात.

शिक्षण

सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली पदवी घेतल्यावर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तेथे नमुना पाहणीच्या सिद्धान्तावर काम करून १९३६ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली.

कार्य

१९४० पासून त्यांनी कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्र विभाग उभारला. तोच पुढे नवी दिल्लीतील भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेच्या रूपाने विकसित झाला. पीक कापणी प्रयोगात निवडलेला तुकडा फार लहान असेल, तर कडेची रोपे आत धरली जाऊन उत्पादनाचा अंदाज फुगतो, असे त्यांनी दाखवले. या प्रश्नावर प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी त्यांचा मतभेद होता.

१९५० व १९६०च्या दशकांत ते रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. १९६१ साली जगातील भुकेविषयी मांडलेल्या निबंधात त्यांनी १० ते १५ टक्के लोकांना पोटभर अन्न मिळत नसल्याचा अंदाज दिला.

पोषणविषयक वाद

वि.म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची मोजणी करताना दरडोई दररोज २,२५० उष्मांक हा निकष धरला. सुखात्मे यांच्या मते, एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक कमी-अधिक होते. त्यामुळे सरासरीखालील प्रत्येकाला उपाशी ठरवता येत नाही. मर्यादा खाली घेतल्यास कुपोषितांची संख्या बरीच घटते. कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते ते वाढ व कार्यशक्ती गमावूनच, असा आक्षेप दांडेकर, सी. गोपालन आदींनी घेतला. कुपोषणाच्या निवारणासाठी अन्नाइतकेच शुद्ध पाणी व स्वच्छताही आवश्यक आहेत, यावर सुखात्मे यांचा भर होता.

सन्मान

त्यांना १९६३ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे गाय रौप्यपदक व १९७१ साली पद्मभूषण मिळाले. भारत सरकारने संख्याशास्त्रातील एक राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावाने सुरू केला.