खाष्ट सासूमागची ललिता पवार

एखादी सासू सुनेला जरा चढ्या आवाजात बोलली, की शेजारपाजारचे तिला हसून ललिता पवार म्हणतात. ज्यांनी ललिताबाईंचा एकही चित्रपट धड पाहिलेला नाही, तेही म्हणतात. एका अभिनेत्रीचे नाव असे घरोघरी पोहोचावे, ही तिच्या कामाला मिळालेली मोठी पावतीच आहे. पण त्या नावामागे एक हाडामासाची बाई होती आणि तिच्या वाट्याला जे आले, ते आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे. म्हणून या रविवारी त्यांची ओळख करून घेऊ.

पैठणीसाठी प्रसिद्ध असलेल्या नाशिक जिल्ह्यातील येवल्यात १८ एप्रिल १९१६ रोजी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव अंबा सगुण. वडील लक्ष्मणराव हे रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी होते. चांगल्या घरातील मुलीने सिनेमात जाणे म्हणजे कुळाला बट्टा, असा तो काळ. तरीही १९२८ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात अंबाने लहानपणीच काम केले आणि पुढे ललिता या नावाने ती नायिका झाली.

होय, नायिका! ज्यांनी त्यांना फक्त डोक्यावर पदर घेतलेली कजाग म्हातारी म्हणून पाहिले, त्यांना हे खरे वाटणार नाही. मूकपट जाऊन बोलपट आले तेव्हा बरेच नट मागे पडले, पण ललिताबाई टिकल्या. गाणी स्वतः गात, साहसाची कामे करत. ‘नेताजी पालकर’, ‘अमृत’ असे मराठी चित्रपट त्यांनी केले. एवढेच नव्हे, तर १९३८ साली टॉलस्टॉय यांच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवर आधारलेला ‘दुनिया क्या है’ हा बोलपट त्यांनी स्वतः काढला. वयाची पंचविशी गाठण्याआधी एका मराठी मुलीने चित्रपट निर्माण करावा, ही आजही कौतुकाची गोष्ट आहे.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. प्रसंगात सहकलाकार भगवान यांनी त्यांच्या थोबाडीत मारायची होती. हात जरुरीपेक्षा जोरात बसला. मनात कसलाही राग नव्हता, वैर नव्हते. केवळ कामाच्या भरात घडलेला अपघात. पण त्यात ललिताबाईंच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्याची शीर फुटली. उपचार पुष्कळ दिवस चालले. तो डोळा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. कायमचा बारीक, अर्धवट मिटलेला राहिला. तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या.

नायिकेचे सारे भांडवल तिचा चेहरा. ते एका क्षणात गेले. त्या घरी बसल्या असत्या, तरी कोणी त्यांना नावे ठेवली नसती. ललिताबाईंनी वेगळा मार्ग धरला. नायिका होता येत नसेल, तर जी कामे मिळतील ती करायची आणि चोख करायची. १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात त्यांनी ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई उभी केली. १९५० साली व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मध्ये हुंड्यासाठी सुनेचा छळ करणारी सासू केली. त्यानंतर खाष्ट सासू म्हटली की ललिता पवार, हे समीकरणच झाले.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला सांगितले गेले, की जुने रोमन लोक नटाच्या मुखवट्याला पर्सोना म्हणत. त्याच शब्दापासून पुढे युरोपीय भाषांत माणूस, व्यक्ती या अर्थाचा शब्द तयार झाला. नट खेळ संपल्यावर मुखवटा उतरवून घरी जातो. ललिताबाईंना तो उतरवता येत नव्हता. पडद्यावर आपल्याला दुष्ट वाटणारा तो बारीक डोळा त्यांचा खराखुरा डोळा होता. ती त्यांची जखम होती. एका बाईच्या जखमेला आपण दुष्टपणाची खूण ठरवले आणि तिच्यावर दात-ओठ खाल्ले. यात चित्रपटवाल्यांचा दोष आहेच. लंगडा, तिरळा, पाठीला कुबड असलेला म्हणजे खलनायक, हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलांच्या मनावर ठसवले. पण तिकीट काढून ते मान्य करणारे आपणच होतो.

तोच चेहरा वेगळ्या नजरेने पाहणारे दिग्दर्शकही भेटले. १९५५ सालच्या ‘श्री ४२०’मध्ये राज कपूर यांनी त्यांना फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई केले, तोंडाने फटकळ पण मनाची मोठी. १९५९ साली हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’त त्या मिसेस डिसा झाल्या. आपल्या वाचकांनी ही भूमिका अवश्य पाहावी. त्या काळच्या हिंदी चित्रपटांत ख्रिस्ती माणूस म्हणजे बहुधा दारू ढोसणारा किंवा क्लबात नाचणारी. मिसेस डिसा तशी नाही. ती साधी, कष्टाळू घरमालकीण आहे. भाड्यासाठी भाडेकरू तरुणाला रागे भरते आणि पोटच्या पोरासारखी मायाही करते. पुढे भेसळीच्या औषधाने तिचा जीव जातो, तेव्हा थिएटरात रुमाल निघत. डोळा तोच होता, पण त्यात कोणाला दुष्टपणा दिसला नाही. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. ‘मेमदीदी’मधली प्रेमळ बाई, ‘प्रोफेसर’मध्ये उतारवयात प्रेमात पडून लाजणारी कडक मावशी, अशी कितीतरी रूपे त्यांनी नंतर दाखवली.

मग दूरदर्शन आले. १९८७ साली रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. मंथरेच्या भूमिकेत सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई होत्या. १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’ चित्रपटातही मंथरा त्यांनीच केली होती. आजी कोण आणि नातू कोण, सगळ्यांनी मिळून त्यांचा राग राग केला. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत सुमारे सात दशके काम करून २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला.

त्यांच्यावर अन्याय झाला, असे म्हणून हळहळण्यासाठी आम्ही हे लिहिलेले नाही. त्यांनी जगाकडे दया मागितली नाही. ज्या चेहऱ्याने नायिकेचे काम हिरावले, त्याच चेहऱ्याने त्यांनी पुढची पन्नासहून अधिक वर्षे आपली भाकरी मिळवली आणि नाव मिळवले. हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आणि एक गोष्ट आपल्याबद्दलची. आपल्या गावात, आपल्या चर्चच्या बाकांवरही काही ललिता पवार बसलेल्या असतात. कोणाची जीभ तिखट, कोणाच्या कपाळावर कायम आठी. त्यांना एक नाव देऊन आपण मोकळे होतो. ती आठी कोणत्या फटक्याने पडली, हे विचारायला मात्र आपण जात नाही. या आठवड्यात अशा एखाद्या घरी जाऊन पाच मिनिटे बसू या. कदाचित दार मिसेस डिसा उघडेल.