नाना शंकरशेठ

आपले भुसावळ म्हणजे रेल्वेचे गाव. रात्रंदिवस गाड्या चालू असतात. पण ही रेल्वे आपल्याकडे यावी म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत एक मराठी माणूस पुढे होता, हे पुष्कळांना माहीत नसते. त्यांचे नाव जगन्नाथ शंकरशेठ. लोक त्यांना नाना म्हणत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. त्यांचे घराणे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. आडनाव मुरकुटे. वडील मुंबईचे मोठे व्यापारी होते. १८२२ साली ते वारले अन् पेढी, वाडे, जमीनजुमला असा सगळा भार एकोणीस वर्षांच्या नानांवर पडला. एवढी दौलत हाती आली तर कोणीही बसून खाईल. नानांनी मात्र ती लोकांच्या कामी लावली.

तेव्हा शाळा फारच थोड्या होत्या. मुंबईत एल्फिन्स्टन यांच्या नावाची मोठी शिक्षणसंस्था उभी राहिली, तिच्यामागे नाना होते. १८४० साली सरकारने शिक्षण मंडळ नेमले. नाना त्याचे सभासद झाले. तेथे मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजीवर होता. नाना स्वतः उत्तम इंग्रजी जाणत. तरी ते म्हणाले की, मूठभर लोक इंग्रजी शिकतील, पण शेतकऱ्याच्या, कारागिराच्या पोराला ज्ञान मिळायचे तर ते त्याच्या मायबोलीतूनच मिळेल. साहेबासमोर असे बोलणे त्या काळी सोपे नव्हते, बरं का! पुढे १८५४ च्या सरकारी खलित्यात सामान्य लोकांना त्यांच्याच भाषेत शिकवावे, हे मान्य झाले.

मुलींना शिकवणे तर लोकांना पाप वाटे. तेव्हा नानांनी मुलींच्या शाळेला आपल्याच वाड्यात जागा दिली. लोकांच्या बोलण्याला ते भ्याले नाहीत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. त्या गाडीत नानाही बसले होते. पुढे हाच रूळमार्ग घाट चढून खानदेशात आला आणि १८६७ साली भुसावळहून नागपूरपर्यंत गेला.

१८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. तिच्यातही नानांचा पुढाकार होता. राज्यकारभारात हिंदी माणसांना जागा मिळावी, असा अर्ज या संस्थेने थेट विलायतेच्या पार्लमेंटकडे धाडला. १८५७ च्या उठावात सरकारने नानांवर संशय घेतला, पण पुरावा मिळाला नाही. १८६२ साली त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात घेतले.

३१ जुलै १८६५ रोजी नाना वारले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या मुलांत फार मानाची समजली जाई. मुंबईत त्यांच्या नावाचा नाना चौक आहे.

आज आपण मुले-मुली एकाच वर्गात बसून मराठीत शिकतो. यासाठी झटणाऱ्यांत नाना होते. पैसा पुष्कळांजवळ असतो. तो दुसऱ्याच्या लेकरांसाठी खर्चायला मन मोठे लागते.