मौनी विल्यम, ऑरेंजचा राजपुत्र

हॉलंड देशास स्पेनच्या जुलुमातून सोडविण्यासाठी झटलेला पुढारी म्हणून विल्यमचे नाव आमच्या पुष्कळ वाचकांनी ऐकले असेल. परंतु शत्रूच्या तोफांहून स्वकीयांच्या तंट्यांनी त्यास अधिक शिणविले, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक आहे.

त्याचा जन्म १५३३ साली जर्मनीत लूथरपंथी घराण्यात झाला. अकराव्या वर्षी मोठी वतने वारशाने मिळाल्यामुळे बादशहा पाचव्या चार्ल्सने त्यास रोमन कॅथॉलिक मतात वाढविले. पुढे १५७३ साली तो कॅल्व्हिनच्या अनुयायांच्या मंडळीस मिळाला. दोन्ही घरे त्याने आतून पाहिली होती. म्हणूनच की काय, मतभेदासाठी माणसास जाळावे हे त्यास पटत नसे. लोक त्यास मौनी म्हणत, पण स्वभावाने तो चांगला बोलका होता. स्पेनचा राजा फिलिप याच्याशी लढता लढता त्याचे तीन भाऊ रणांगणी पडले.

१५७६ साली पगार थकलेल्या स्पॅनिश शिपायांनी अँटवर्प शहर लुटले. तेव्हा भयाने का होईना, नेदरलँड्सचे, म्हणजे आजच्या हॉलंड व बेल्जमचे, बहुतेक सर्व प्रांत गेंट येथे एक झाले. ही एकी तीन वर्षेही टिकली नाही. त्याच गेंटमध्ये हेम्बीझ नामक कॅल्व्हिनपंथी पुढाऱ्याने सत्ता बळकावली. त्याच्या लोकांनी कॅथॉलिकांची मंदिरे लुटली व मठवासी हाकलून दिले. दोन्ही पक्षांनी आपापली उपासना मोकळेपणी करावी असा ठराव विल्यमने पुढे मांडला, तो स्तोत्रांचे डच भाषांतर करणारा प्रसिद्ध उपदेशक दाथेन व्यासपीठावरून त्यासच अधर्मी ठरवू लागला. आपल्याच मंडळीच्या उपदेशकाचे हे बोल! इकडे दुखावलेले दक्षिणेकडील कॅथॉलिक सरदार जानेवारी १५७९ मध्ये अरास येथे निराळे झाले, आणि उत्तरेने उट्रेख्ट येथे आपला वेगळा करार केला. त्यावर सही करण्यास विल्यमने मे महिन्यापर्यंत विलंब लावला. सही करणे म्हणजे देशाचे दोन तुकडे कबूल करणे, हे तो जाणून होता.

१० जुलै १५८४ रोजी डेल्फ्ट येथे, फिलिपने लावलेल्या बक्षिसाच्या आशेने, एका मारेकऱ्याने त्यास गोळी घातली. पुढच्याच महिन्यात गेंटमध्ये हेम्बीझचे शिर उडविण्यात आले. कॅथॉलिकांशी तडजोड नको म्हणून विल्यमशी भांडलेला हा मनुष्य शेवटी स्वतःच स्पेनच्या सेनापतीशी बोलणे लावून बसला होता. सप्टेंबरात गेंट व १५८५ साली अँटवर्प स्पेनच्या हाती गेले. अँटवर्पच्या प्रॉटेस्टंटांस धर्म सोडावा की शहर, हे ठरविण्यास चार वर्षांची मुदत मिळाली, आणि हजारो माणसे मुलाबाळांसह उत्तरेची वाट चालू लागली.