त्यानं मोजलंच नव्हतं!

अकरावी सायन्सला ॲडमिशन झाली, नवी वही घेतली, केमिस्ट्रीचा पहिला धडा उघडला की पहिल्याच आठवड्यात हा आकडा समोर येतो. 6.022 गुणिले दहाचा तेविसावा घात. ॲव्होगॅड्रो अंक. सीईटी दिली, नीट दिली, बीएस्सीला आलो तरी तो पाठ सोडत नाही. आपल्या आजोबांच्या भाषेत सांगायचं तर साधारण साठ लाख परार्ध. आणि आपण सगळे मनातल्या मनात असं समजून चालतो की ॲव्होगॅड्रो नावाच्या कुणा चिकाटीच्या शास्त्रज्ञानं प्रयोगशाळेत बसून हा आकडा शोधून काढला.

त्यानं तो काढला नाही. तो वारला तेव्हा हा आकडा जगात कुणालाच माहीत नव्हता. मोल हा शब्दही तोवर जन्माला आलेला नव्हता. मग नाव त्याचं का?

ॲमेडिओ ॲव्होगॅड्रो 9 ऑगस्ट 1776 रोजी इटलीतल्या ट्युरिनमध्ये जन्मला. इटली हा देश तेव्हा नव्हताच, ट्युरिन ही पीडमाँट-सार्डिनियाच्या राजाची राजधानी होती. घराणं सरदारांचं आणि पिढ्यान्‌पिढ्या वकिलांचं. वडील मोठे कायदेपंडित. मुलानंही तीच वाट धरली आणि विसाव्या वर्षी, 1796 मध्ये, चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट मिळवली. वकिली सुरू झाली. सगळं सेट होतं.

पण मन लागेना. 1800 च्या सुमारास त्यानं खासगीत गणित आणि भौतिकशास्त्र शिकायला घेतलं. फेलिचे नावाच्या भावाला जोडीला घेऊन विजेवर प्रयोग केले आणि ट्युरिनच्या विज्ञान अकादमीकडे निबंध पाठवले. थोड्याच वर्षांत वकिली सुटली. 1809 मध्ये तो वर्चेल्ली या गावी कॉलेजात शिकवायला गेला. ट्युरिन आणि मिलान यांच्या मधलं हे छोटं शहर भातशेतीसाठी प्रसिद्ध. पॅरिस, लंडन, स्टॉकहोम ही त्या काळच्या केमिस्ट्रीची ठिकाणं. वर्चेल्ली त्यात कुठेच नव्हतं.

त्या वेळी केमिस्ट्रीत एक मोठा घोळ चालू होता. इंग्लंडमध्ये जॉन डाल्टननं नुकतंच मांडलं होतं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू असतात आणि प्रत्येकाचं वजन ठरलेलं असतं. कल्पना जबरदस्त, पण एका अणूत दुसऱ्याचे किती अणू मिसळतात हे कळायला मार्ग नव्हता. डाल्टननं सोपं गृहीत धरलं की पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. म्हणजे पाणी HO! त्यामुळे ऑक्सिजनचं वजन चुकलं आणि त्यावर बेतलेली पुढची वजनंही चुकली.

तिकडे पॅरिसमध्ये गे-ल्युसॅकनं 1808 मध्ये वायू मोजून पाहिले. वजन नाही, आकारमान. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन घेतला तर बरोबर दोन लिटर वाफ तयार होते. दोन, एक, दोन. वायू नेहमी अशा साध्या पूर्णांकांतच एकत्र येत होते. हे नुसतं योगायोगानं होईल का?

वर्चेल्लीतल्या मास्तरांनी, म्हणजे आपल्या ॲव्होगॅड्रोनं, 1811 मध्ये पॅरिसच्या एका भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात फ्रेंचमध्ये लेख लिहिला. (पीडमाँट तेव्हा नेपोलियनच्या ताब्यात होतं, फ्रेंच ही सरकारी भाषाच होती.) त्यानं म्हटलं की तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. बस्स, एवढंच.

हे ऐकायला परीक्षेतल्या एका मार्काच्या उत्तरासारखं वाटतं, पण त्याची ताकद बघा. समजा दोन सारख्या पेट्या आहेत. एकीत लिंबं, दुसरीत मोसंबी. पेट्या उघडायच्या नाहीत. तुम्हाला फक्त इतकंच सांगितलंय की दोन्हींत नग सारखेच आहेत. किती, ते माहीत नाही. आता दोन्ही पेट्या काट्यावर ठेवा. मोसंब्यांची पेटी चौपट भरली तर एक मोसंबं एका लिंबाच्या चौपट वजनाचं. एकही फळ हातात न घेता, एकही नग न मोजता हे कळलं! ॲव्होगॅड्रोनं नेमकं हेच केलं. वायूंच्या घनता त्याच्याकडे होत्याच. ऑक्सिजनची घनता भागिले हायड्रोजनची घनता, उत्तर आलं 15.074. आज आपण 16 शिकतो. डाल्टनच्या यादीत तेव्हा हा आकडा 7 होता.

मग पाण्याचं कोडं. समान आकारमानात समान रेणू, तर एक लिटर ऑक्सिजनपासून दोन लिटर वाफ होते याचा अर्थ ऑक्सिजनच्या एका रेणूपासून पाण्याचे दोन रेणू तयार होतात. प्रत्येकात ऑक्सिजन तर हवाच. तेव्हा ऑक्सिजनचा रेणू मधोमध दोन भागांत फुटत असला पाहिजे. म्हणजे तो मुळात दोन अणूंचा बनलेला असला पाहिजे. O नाही, O2. आणि पाणी HO नाही, H2O.

आज पाचवीतलं पोरगंही एच-टू-ओ म्हणतं. तेव्हा मात्र हे पटण्यासारखं नव्हतं. डाल्टनच्या मते मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणूच. तो फुटतो असं कसं म्हणणार? स्वीडनचा बर्झेलियस हे त्या काळचं केमिस्ट्रीतलं सर्वांत वजनदार नाव. त्याचं म्हणणं, अणू एकमेकांना धरून राहतात ते विरुद्ध विद्युतभारामुळे. मग एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना दूर ढकलतील, जोडी करणार कशाला? आक्षेप मूर्खपणाचे नव्हते. एकाच जातीचे अणू जोडी का करतात याचं नीट उत्तर मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

थोडा दोष ॲव्होगॅड्रोकडेही जातो, असं मला वाटतं. त्यानं लेखात अणू हा शब्द टाळला आणि रेणू या एकाच शब्दाला वेगवेगळी विशेषणं जोडून काम भागवलं. वाचणाऱ्याला कुठला रेणू कुठला हे लावत बसावं लागे. स्वतः प्रयोग करून लोकांना दाखवण्याचा त्याचा पिंड नव्हता, इतरांच्या आकड्यांवर तो विचार करायचा. मोठ्या लोकांत ऊठबस नव्हती. तीन वर्षांनी फ्रान्समध्ये अँपिअरनं साधारण हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. एवढं मोठं नाव असून त्याचंही कुणी फारसं ऐकलं नाही.

1820 मध्ये ट्युरिन विद्यापीठात गणिती भौतिकशास्त्राचं अध्यासन निघालं आणि ते ॲव्होगॅड्रोला मिळालं. लगेच पुढच्या वर्षी पीडमाँटमध्ये राज्यघटनेसाठी उठाव झाला. तो मोडला गेला आणि नंतरच्या धरपकडीच्या वातावरणात ते अध्यासनच बंद करण्यात आलं. कारण मोठं गोड दिलं गेलं, की शिकवण्याच्या ओझ्यातून मोकळं होऊन त्यांना संशोधनाकडे लक्ष देता यावं! 1832 मध्ये ते पुन्हा सुरू झालं तेव्हा आधी फ्रान्सहून आलेल्या कोशीला दिलं गेलं (हो, मॅथ्सवाल्यांचा तोच कोशी). ॲव्होगॅड्रो परत खुर्चीत बसला तो 1834 मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी. पुढे 1850 मध्ये निवृत्त होईपर्यंत तो तिथंच होता. घरी पत्नी फेलिचिता आणि मुलं. साधी राहणी, प्रसिद्धीची हाव नाही. सरकारच्या वजनमापांच्या कामातही तो होता. पीडमाँटमध्ये मेट्रिक पद्धत आणण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. एकक बदलताना आपण ज्याचं नाव घेऊन घाम गाळतो, त्यानं खरोखरच एका राज्याची एककं बदलायला हातभार लावला होता, हे मला फार आवडलं.

9 जुलै 1856 रोजी, ऐंशी पूर्ण व्हायला बरोबर एक महिना असताना, तो ट्युरिनमध्ये वारला. लेखाला तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती. केमिस्ट्रीत अजून घोळच होता. तो इतका की 1861 मध्ये केकुलेनं आपल्या पुस्तकात ॲसेटिक ॲसिडची, म्हणजे व्हिनेगरमधल्या साध्या आम्लाची, तेव्हा चलनात असलेली एकोणीस वेगवेगळी सूत्रं छापली.

हा घोळ निस्तरायला सप्टेंबर 1860 मध्ये जर्मनीतल्या कार्लस्रूह शहरात युरोपभरचे शंभराहून जास्त केमिस्ट जमले. तीन दिवस चर्चा. त्यात सिसिलीचा चौतीस वर्षांचा स्टॅनिस्लाव कॅनिझारो होता. तरुणपणी क्रांतीत भाग घेऊन देशाबाहेर पळावं लागलेला माणूस. जेनोवात शिकवताना पोरांना अणुवस्तुमानं समजावून सांगायची म्हणून त्यानं ॲव्होगॅड्रोची जुनी कल्पना काढली आणि सगळा कोर्स तिच्यावर रचला. त्या कोर्सची रूपरेषा 1858 मध्ये छापली होती. थोडक्यात, नोट्स! परिषदेत एकमत झालं नाही. पण लोक पांगताना कॅनिझारोच्या एका मित्रानं त्या पुस्तिकेच्या प्रती वाटल्या. जर्मनीच्या लोथार मेयरनं ती नंतर वाचली आणि त्याच्या डोळ्यांवरची झापडं उतरली. परिषदेला रशियाचा एक तरुणही आला होता, मेंडेलीव्ह. अणुवस्तुमानं जागेवर आली आणि 1869 मध्ये त्याची आवर्तसारणी आली.

आकडा त्यानंतरचा. 1865 मध्ये ऑस्ट्रियाच्या लोश्मिटनं हवेच्या रेणूच्या आकाराचा पहिला बरा अंदाज केला. मोल हा शब्द शतकाच्या अखेरीस जर्मन केमिस्ट ओस्टवाल्डनं रूढ केला. फ्रान्सच्या जाँ पेराँनं पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण मायक्रोस्कोपखाली मोजून संख्या काढली आणि 1909 मध्ये तिला ॲव्होगॅड्रोचं नाव दिलं. 2019 पासून तर ती मोजायचीही नाही, ठरवूनच टाकलीय: 6.02214076 गुणिले दहाचा तेविसावा घात.

आता मोलची भीती का वाटते तेही बघू. हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजून देत नाहीत, वजनावर देतात. एक खिळा 2 ग्रॅमचा असेल आणि 500 हवे असतील तर दुकानदार 1 किलो तोलतो. मोल हेच करतो. ग्रॅम हे वजनाचं गाव, रेणूंची संख्या हे दुसरं गाव आणि मधला स्टँड मोल. थेट गाडी नाही, तिथं उतरावंच लागतं. 180 मिलीचा पाण्याचा ग्लास घ्या. पाण्याची घनता साधारण 1, म्हणून 180 ग्रॅम. पाण्याच्या एका मोलचं वजन 18 ग्रॅम, म्हणून 10 मोल. गुणिले ॲव्होगॅड्रो अंक, 6.022 गुणिले दहाचा चोविसावा घात इतके रेणू. प्रत्येक पायरीवर एकक लिहीत गेलात तर मिली, ग्रॅम एकेक करून कटत जातात आणि भागायचं की गुणायचं हा प्रश्न उरत नाही.

एक ठिकाणी मात्र हमखास मार्क जातात. 16 ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे किती मोल? घाईत आपण 1 लिहितो. उत्तर अर्धा, कारण वायूतला ऑक्सिजन O नाही, O2 आहे, आणि त्याचा मोल 32 ग्रॅमचा. डाल्टनही इथंच अडला होता, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका.

1956 मध्ये ॲव्होगॅड्रोच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा इटलीनं 25 लिराचं टपाल तिकीट काढलं. त्यावर त्याचा चेहरा आहे आणि समान आकारमान, समान रेणूंचा तो नियम इटालियनमध्ये अख्खा छापलेला आहे. 6.022 त्यावर कुठेच नाही.