आठ वर्षांची साधना

इ. स. १८३५ चा जानेवारी महिना होता. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या किनाऱ्याजवळील चोनोस बेटांवर एक तरुण इंग्रज शंख गोळा करीत होता. एका जाड शंखाला असंख्य बारीक छिद्रे पडलेली त्याला दिसली. टाचणीच्या डोक्याएवढे चिमुकले जीव त्या छिद्रांत दडून बसले होते. त्याने ते जपून ठेवले. हा तरुण म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेला निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन होय.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी गावी झाला. वैद्यकाच्या अभ्यासात त्याचे मन रमले नाही; किडे जमविण्यात मात्र तो तहानभूक विसरे. १८३१ मध्ये 'बीगल' जहाजातून तो जगप्रवासास निघाला व पाच वर्षांनी परतला. प्राण्यांच्या जाती कायमच्या ठरलेल्या नसून त्या हळूहळू बदलत जातात, हा विचार त्याच्या मनात आता मूळ धरू लागला. परंतु ज्याने अनेक जातींचा बारकाईने अभ्यास केलेला नाही, त्याला जातींविषयी बोलण्याचा अधिकार नाही, असे त्याच्या हूकर नावाच्या मित्राचे मत होते. ते डार्विनने मनाला लावून घेतले.

१८४६ मध्ये त्याने ते चिलीचे जीव अभ्यासास घेतले. ते बार्नॅकल या प्राण्यांपैकी होते. खडकांना व नावांच्या बुडाला चिकटून राहणारे हे प्राणी आपल्या कोकणकिनाऱ्यावरही आढळतात. कठीण कवचामुळे पूर्वी त्यांची गणना शिंपल्यांत होई. परंतु बालपणी ते पाण्यात मोकळे पोहतात व कोळंबी, खेकडे यांचे ते नातलग आहेत, हे १८३० मध्ये जॉन थॉम्पसन याने दाखवून दिले होते. डार्विनच्या प्राण्याला तर स्वतःचे कवचच नव्हते! मग त्याचे स्थान कोठे? ते ठरविण्यासाठी इतर जातींशी तुलना करणे आवश्यक होते.

काही महिन्यांचे वाटलेले काम आठ वर्षे चालले. देशोदेशींहून नमुने येत. डार्विन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव उलगडून पाही. बापाला रोज हेच करताना पाहून त्याच्या एका मुलाने शेजारच्या गृहस्थांविषयी विचारले म्हणे, की ते आपले बार्नॅकल कोठे तपासतात! या काळात डार्विनला आजाराने वारंवार गाठले. १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी मरण पावली. दुःख गिळून तो पुन्हा कामाला लागला.

एकाच जातीतील दोन प्राणीही सर्वस्वी सारखे नसतात, असे त्याला आढळले. त्यामुळे वर्गीकरण अवघड झाले. परंतु त्याच्या मूळ विचाराला त्यातूनच बळ मिळाले. १८५३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला पदक देऊन गौरविले. १८५४ मध्ये ग्रंथ पुरा झाला व त्या चिमुकल्या जीवाला 'क्रिप्टोफायलस मिन्युटस' हे नाव मिळाले. 'मिन्युटस' म्हणजे इवलासा.

पुढे १८५९ मध्ये जातींच्या उत्पत्तीवरील त्याचा सुप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन निवर्तला. बोलण्याचा अधिकार आधी कष्टाने मिळवावा लागतो, हे त्याने एका इवल्याशा जीवाच्या संगतीत आठ वर्षे घालवून दाखवून दिले.