गणित शिकवणारी ताई : मारिया गाएताना आन्येसी



संध्याकाळची प्रार्थना आटोपली की अनेक घरांत गणिताची वही उघडते आणि थोड्याच वेळात आईबाबांचा आवाज चढतो. मूल रडवेले होते, वही मिटते आणि गणिताची भीती मात्र मनात घर करून राहते. अशा पालकांसाठी आज एका थोरल्या बहिणीची जीवनकथा सांगत आहे.

मारिया गाएताना आन्येसी हिचा जन्म 16 मे 1718 रोजी इटलीतील मिलान शहरात झाला. वडील पिएत्रो यांचे घराणे रेशमाच्या व्यापारात श्रीमंत झालेले होते. त्यांची तीन लग्ने झाली आणि त्यांना एकूण 21 मुले झाली. मारिया सर्वांत थोरली. त्या काळी मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. पिएत्रो यांनी विद्वान धर्मगुरूंना घरी बोलावून लेकीला शिकवले. नऊ वर्षांची असताना तिने पाहुण्यांसमोर लॅटिन भाषेत भाषण केले. विषय होता, स्त्रियांना शिक्षणाचा हक्क.

वडिलांना लेकीचा फार अभिमान. शहरातील आणि परदेशातील मोठमोठी माणसे घरी येत आणि मारियाला त्यांच्याशी तत्त्वज्ञान व विज्ञान यांवर वाद करावा लागे. धाकटी बहीण मारिया तेरेसा वाद्य वाजवून दाखवी. मारियाला हे प्रदर्शन मुळीच आवडत नव्हते. विशीत आल्यावर तिने मठात जाण्याची इच्छा बोलून दाखवली. वडील हादरले. शेवटी ती घरी राहिली, पण तीन अटींवर : साधे कपडे घालीन, हवे तेव्हा चर्चमध्ये जाईन, नाचगाण्याच्या समारंभांना व नाटकांना जाणार नाही. 1732 मध्ये आई वारली होती. धाकट्या भावंडांच्या शिक्षणाकडे आता तीच लक्ष देऊ लागली.

या काळात रामिरो राम्पिनेल्ली नावाचे गणितज्ञ संन्यासी तिचे गुरू झाले. कलनशास्त्र तेव्हा नवीन होते. त्यावरचे लेखन वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत विखुरलेले होते आणि प्रत्येकाची पद्धत निराळी. मारियाने ते सारे वाचून एका धाग्यात ओवले. भावांना शिकवताना या पुस्तकाची सुरुवात झाली, असे सांगतात. छपाईची यंत्रे तिच्या घरीच आणली गेली, म्हणजे जुळाऱ्यांवर तिला जातीने देखरेख ठेवता यावी. 1748 मध्ये, तिच्या वयाच्या तिसाव्या वर्षी, हजाराहून अधिक पानांचे दोन खंड प्रसिद्ध झाले.

हे पुस्तक विद्वानांच्या लॅटिनमध्ये नाही, तर इटालियन भाषेत आहे, आणि ते इटलीच्या तरुणांसाठी आहे हे तिने शीर्षकातच नमूद केले. सोप्या बीजगणितापासून सुरुवात, मग एकेक पायरी वर, आणि प्रत्येक पायरीवर सोडवून दाखवलेली भरपूर उदाहरणे. शिकणारा कुठे अडखळेल हे तिला ठाऊक होते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने पुस्तकाची वाखाणणी केली. सम्राज्ञी मारिया तेरेसा यांना ते अर्पण केले होते. त्यांनी हिऱ्याची अंगठी पाठवली. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी 1750 मध्ये बोलोन्या विद्यापीठात गणिताच्या अध्यापनासाठी तिची नेमणूक केली.

एक गंमतही मुलांना सांगा. पुस्तकातील एका वक्ररेषेला तिने 'वेर्सिएरा' म्हटले होते. इंग्रजी भाषांतरकाराने त्याचा अर्थ चेटकीण असा लावला! 1801 साली ते भाषांतर छापले गेले आणि या भाविक स्त्रीची रेषा इंग्रजीत आजही आन्येसीची चेटकीण म्हणूनच ओळखली जाते.

मारिया बोलोन्याला गेलीच नाही. 1752 मध्ये वडील वारले आणि तिने आपला मार्ग निवडला. गरीब, आजारी स्त्रियांची सेवा आणि मुलांना धर्मशिक्षण हे तिचे काम झाले. 1759 मध्ये तिने गरिबांसाठी घर भाड्याने घेतले. सम्राज्ञीची भेटही विकून टाकली. पुढे तूरिनहून तरुण गणितज्ञ लाग्रांज यांच्या संशोधनावर तिचे मत विचारले गेले, तेव्हा आपण आता त्या विषयात नाही असे तिने कळवले. 1771 मध्ये मिलानमध्ये त्रिवुल्त्सिओ वृद्धाश्रम सुरू झाला. तेथील स्त्री विभागाची जबाबदारी तिने घेतली आणि अखेरची वर्षे तिथेच काढली. 9 जानेवारी 1799 रोजी तिचे निधन झाले. आश्रमातील इतर स्त्रियांबरोबर सामाईक थडग्यात तिला पुरले.

एवढी बुद्धी वाया गेली, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. न समजणाऱ्याजवळ बसायचे, त्याच्या चालीने चालायचे, हा धीर तिने भावंडांना शिकवताना कमावला. आजाऱ्यांच्या उशाशी तोच धीर कामी आला. वडिलांचे ऋण मोठे, कारण त्यांनी लेकीला शिकवले. पण पाहुण्यांपुढचे ते प्रदर्शन तिला नकोसे झाले, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. शेजाऱ्यांना गुण सांगण्यासाठी मुलाला शिकवू नका.

या आठवड्यात एक करून पाहा. थोरल्या ताईने किंवा दादाने रोज अर्धा तास धाकट्याला गणित शिकवावे. आधी एक उदाहरण सोडवून दाखवावे, मग त्याला सोडवू द्यावे. चुकले तर हसू नये, ओरडू नये. शिकवणाऱ्याचेही गणित पक्के होईल आणि घरातला आवाज खाली येईल.

प्रभू आपल्या मुलांना आशीर्वाद देवो.

आपले फादर